डावीकडचा कंदील

सकाळी सहाला घरातले तिन्ही मोबाईल एकदम किंचाळले. धुक्याचा इशारा. इथले पोलीस असे हक्काने झोपमोड करतात: दाट धुकं आहे, वेग कमी ठेवा. मी उठून बाल्कनीचं दार सरकवलं. समोरची मशीद नव्हती, खालच्या पार्किंगमधली गाड्यांची रांग नव्हती, आणि एरवी आखातातल्या या अल ऐनमध्ये कुठेही उभं राहिलं तरी पाठीमागून डोकावणारा जबल हफीतचा डोंगर तर कुणी उचलून नेल्यासारखा गायब होता. खजुरीच्या झावळ्यांवरून थेंब गळत होते. वाळवंटात असा ओला वास आला की भारतातून नवीन आलेली माणसं खूश होतात, फोटो काढून घरी पाठवतात. मीही पाठवले होते. आता पाठवत नाही.

आज शनिवार. कुणाला कुठे जायचं नव्हतं. नवरा, मिलिंद, झोपला होता, मुलगी सई तिच्या खोलीत. तरीही मी दाराजवळ जाऊन चपला-बूट मोजले. सगळे जागेवर होते. मग पाणी प्यायले आणि पुन्हा एकदा मोजले.

तीन हिवाळ्यांपूर्वी असंच धुकं होतं, आणि ते अख्खा जानेवारी रोज पहाटे पडत होतं.

त्याबद्दल सांगायचं तर आधी आमच्या मंडळींची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. आम्ही दहा-बारा मराठी माणसं घरच्या घरी कॉम्प्युटरवरचे साहसखेळ बनवतो. बंदूक नाही, गाड्यांची शर्यत नाही. पडद्यावर एक चित्र असतं, खोलीचं, गुहेचं, बोटीच्या तळघराचं. त्यात वस्तू लपवलेल्या असतात. माऊसने क्लिक करून त्या शोधायच्या, उचलायच्या, एकीला दुसरी लावून बघायची, कुलूप उघडायचं आणि पुढच्या चित्रात जायचं. खेळ सगळ्यांना फुकट वाटायचे आणि एकमेकांचे खेळून नावं ठेवायची. काही जण इथे, काही पुण्यात, एक नाशकात. आमच्या ग्रुपचं नाव ‘भुयार’. सई लहानपणी मैत्रिणींना सांगायची, माय मॉम हॅज अ वीअर्ड क्लब.

भुयाराचं दरमहा बातमीपत्र निघतं. ते साठे काढतात. साठे खोर फक्कानच्या बंदरावर नोकरी करतात, दिवसभर बंद कंटेनर मोजतात आणि घरी जाऊन बंद दारांचे खेळ रचतात. बातम्याही आमच्यासारख्याच: अमक्याच्या खेळात पोपट पिंजऱ्यासकट खिशात मावतो, तमकीच्या राजवाड्यात मागच्या दाराने गेलं तर राजा दोनदा मरतो. वाचून मी एकटी खोखो हसायचे. पण बातमीपत्राच्या डोक्यावर दर महिन्याला एकच वाक्य छापलेलं असायचं: ‘खेळणारा चुकत नाही.’ ते आमचं तत्त्व. कुणी अडकलं तर दोष अडकणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचा. दार सापडत नसेल तर तू दार वाईट काढलं आहेस. वस्तू इतकी बारीक की कुणालाच दिसत नाही, या गुन्ह्याला तर आमच्याकडे खास नाव आहे, सुईदोष. सुईदोष निघाला की साठे बातमीपत्रात नाव घेऊन टोपी उडवतात, आणि महिनाभर तोंड लपवावं लागतं.

अडकलेल्याला मदत करायचीही रीत ठरलेली. हिंट तीन पायऱ्यांनी द्यायची. पहिलीत वस्तूचं नाव घ्यायचं नाही, दुसरीत दिशा सांगायची, तिसरीत उत्तर. मिलिंदने आजवर पहिली पायरीसुद्धा कधी घेतली नव्हती. हिंट घेणं म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणं, असं तो म्हणायचा.

मिलिंद खेळ बनवत नाही, तपासतो. मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. लोखंडाच्या जोडावर टॉर्च मारून केसाएवढी चीर शोधायची, हे त्याचं काम. दर वर्षी कंपनी त्याची जवळची नजर तपासते, आणि तो सगळ्यात बारीक ओळ न अडखळता वाचून येतो. लायसन्स रिन्यू करताना चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात, तिथेही पास. अशा माणसाने खेळातली चूक काढली की ती चूक असतेच. माझा प्रत्येक खेळ आधी त्याच्यापुढे जायचा. तो सापडेल तिथे क्लिक करायचा आणि मी मागे मांडी ठोकून बसायचे, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक बसतात तशी.

त्या वर्षी माझा खेळ इथल्या फलजवर होता. फलज म्हणजे अल ऐनच्या खजुरीच्या बागांना पाणी पोचवणारे जुने पाट. काही जमिनीखालून वाहतात. माझ्या खेळाची सुरुवात बागेच्या राखणदाराच्या झोपडीत होत होती. डावीकडे, वरच्या बाजूला भिंतीत एक खिळा, खिळ्याला कंदील. तो घ्यायचा आणि भुयारात उतरायचं. कंदिलाशिवाय भुयारात नुसता अंधार. पहिलंच कोडं, बालवाडीतलं. संक्रांतीपर्यंत खेळ पुरा करून ‘भुयार’ ग्रुपवर टाकायचा, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते.

ऑक्टोबरात मिलिंदने खेळायला घेतला आणि अर्ध्या तासाने माऊस ठेवला.

“कंदील कुठेय गं?”

“शोध की.”

“खाट उचकटली, माठ बघितला, दाराच्या मागे बघितलं. वृंदा, हा शुद्ध सुईदोष आहे. साठे तुला फाडून खाणार.”

मला राग आला, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी कंदील मोठा केला. नोव्हेंबरात पुन्हा तेच. मी काचेवर उजेडाचा ठिपका काढला. तरी नाही. मग वाटलं, आमचा जुना मॉनिटरच मळकट झाला असेल. नवा मोठा आणला. मिलिंदने बिल बघितलं आणि म्हणाला, “बाराशे दिरहॅम. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार रुपये. एवढ्यात खरे कंदील लावून अख्ख्या बिल्डिंगची दिवाळी झाली असती.” मॉनिटर आणखी रुंद होता. कंदील त्याच्या कडेला आणखी लांब गेला. डिसेंबरात मी तिसऱ्यांदा कंदील बदलला, तेव्हा तो जवळजवळ माठाएवढा झाला होता. दर आवृत्ती मंडळींतल्या काही जणांनाही खेळून बघायला पाठवत होते.

तीन महिने मी कंदिलावर उपचार करत होते.

त्याच दिवसांत आमच्यात चहावरून भांडणं व्हायची. मी कीबोर्डच्या डाव्या बाजूला कप ठेवून जायचे आणि तासाभराने तो म्हणायचा, आज चहा दिलाच नाहीस. कप तिथेच, साय धरलेला. मी म्हणायचे, डोळे उघडे ठेवत जा. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, कोण जाणे. त्याचा डावा खांदा स्वयंपाकघराच्या चौकटीला आपटायचा. मी त्याला धांदरट म्हणायचे. सई हसायची.

एकदा आम्ही तिघं बाजारात निघालो होतो. अल ऐन म्हणजे गोल चौकांचं गाव, आणि चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा पहिला धडा. मिलिंद सरळ आत शिरला. डाव्या बाजूने एक मोठी पांढरी गाडी इतक्या जवळ येऊन थांबली की तिच्या जाळीत अडकलेली वाळकी पानं मला दिसली. हॉर्न वाजतच राहिला. मिलिंदने तेव्हा कुठे ब्रेक दाबला.

“ही कुठून आली?” तो म्हणाला.

“डॅड, इट वॉज राइट देअर,” सई मागून म्हणाली.

“नव्हती. मी बघितलं होतं.”

तो खोटं बोलत नव्हता, हे मला आज कळतं. त्याने खरोखर बघितलं होतं.

मुसफ्फा आमच्या घरापासून सव्वा-दीड तासाच्या अंतरावर. मिलिंद पहाटे सव्वापाचला निघायचा. धुकं असलं की हमरस्त्यावर वर टांगलेल्या बोर्डांवर ऐंशीचा आकडा लागतो, त्याच्या पुढे जायचं नाही. जन्मात वेगमर्यादा न मोडलेल्या माणसाला त्या डिसेंबरात दोनदा दंडाचा मेसेज आला. “बोर्ड लागलाच नव्हता,” तो चिडून म्हणाला. मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. बघा, तिथेही मी रस्त्यालाच दोष दिला. खेळणारा चुकत नाही.

पोचला की तो एका शब्दाचा मेसेज करायचा: पोचलो. पावणेसातच्या आसपास यायचा. डबा भरता भरता मी तो बघायचे, न बघितल्यासारखं करून.

मग जानेवारीतला तो बुधवार. मिलिंदला निघून अर्धा तास झाला होता. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे नुसते पिवळे डाग झाले होते. मी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. साठ्यांचा निरोप येऊन पडला होता: ‘वहिनी, तिसरी आवृत्ती खेळलो. कंदील आहे की गॅस सिलिंडर? झोपडी दिसेना झाली. आधीचा छान होता, तो का बिघडवलात?’

मला खरं तर वाद घालायचा होता. पुरावा म्हणून मी लॉग उघडले. खेळ खेळताना कुणी कुठे क्लिक केलं, याची नोंद खेळ स्वतः ठेवतो आणि मला पाठवतो. ती चित्रावर पसरली की प्रत्येक क्लिकचा एक लाल ठिपका दिसतो. साठ्यांचा पहिलाच ठिपका कंदिलावर, तोही जुन्या, लहान कंदिलावर. सईचा तिसरा. नाशिकच्या बाईंचा दुसरा. सहा जणांचे लॉग बघितले, सहाही जणांना कंदील पहिल्या मिनिटात सापडला होता.

मग मिलिंदचा उघडला. झोपडीला गोवर उठल्यासारखे ठिपके होते. खाटेवर, माठावर, दारावर, उजव्या भिंतीवर वीट न वीट. आणि डावीकडे वर काही नाही. एकही ठिपका नाही. त्या रिकाम्या जागेला नीट कडा होती. ओट्यावर पोळपाट ठेवून वरून पीठ भुरभुरलं आणि मग पोळपाट उचलला, तशी.

त्याला कंदील सापडत नव्हता असं नाही. त्याला तो कोपराच सापडत नव्हता.

चहाचा कप, चौकट, पांढरी गाडी, वर टांगलेला ऐंशीचा आकडा, सगळं एका झटक्यात माझ्यासमोर येऊन बसलं. आणि तो आत्ता त्या रस्त्यावर होता, डावीकडून ट्रक जात असतील, आणि ते त्याच्यासाठी नसतील.

मी फोन उचलला. त्याने घेतला नाही तर माझं काय होईल ते मला माहीत होतं. घेतला तर रस्त्यावरची उरलेली नजर तो फोनकडे वळवणार होता. मी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. इतकी वर्षं खेळ बनवते आहे, पुढे गेलं तरी मरण आणि मागे आलं तरी मरण अशी खोली मी कधी कुणासाठी रचली नाही. तसं करणं आमच्यात वाईट समजतात.

पावणेसात वाजले. सात. सई उठून आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, व्हॉट हॅपन्ड?” मी म्हटलं, काही नाही, दूध घे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, सव्वासातला तिथे पोचायचं असतं. शाळेच्या ऑफिसात फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “खलास मॅडम, आज सब लेट हैं. आप आराम से आओ, इन्शाल्ला.” खलास म्हणजे इथे नुसतं ‘ठीक आहे’, पण आराम या शब्दाने मला रडू फुटेल असं वाटलं. सात दहा. मी घरातले सगळे दिवे लावले, का ते माहीत नाही. सात वीसला मेसेज आला. ‘पोचलो. तुफान धुकं. पूर्ण रस्ता एका ट्रकचा लाल दिवा धरून आलो.’

मी उठून एकेक दिवा विझवला.

उन्हं पडून धुकं विरल्यावर अकराला मी शाळेत रजा सांगून, माझी गाडी काढून मुसफ्फाला गेले. वर्कशॉपच्या फाटकावर नाव सांगितलं. मिलिंद डोक्यावर हेल्मेट आणि हातात टॉर्च घेऊन बाहेर आला. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

“सईला काही झालं?”

“नाही. तुझी बॅग घे. घरी चल.”

“अगं, काम आहे. माझी गाडी?”

“राहू दे इथेच.”

“झालंय काय पण?”

“तुला कंदील दिसत नाही,” मी म्हटलं.

तो आधी हसला. मागे ग्राइंडरचा आवाज चालला होता. “कंदील सापडेना म्हणून नवऱ्याला ड्यूटीवरून उचलून नेणारी पहिलीच बायको तू,” तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून बॅग आणायला गेला.

इथे चालवणारा डावीकडे बसतो. म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताला होते. मुसफ्फा ते अल ऐन मी रडत होते, आवाज न करता, नाक न ओढता, आणि तो समोर बघत वर्कशॉपमधल्या कुठल्या तरी बिघडलेल्या जोडाबद्दल बोलत होता. मधेच म्हणाला, “आज अगदीच शांत आहेस.” मी हूं म्हटलं. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. मला त्या दिवशीची सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली, धुक्यातल्यापेक्षाही जास्त.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं. आत कुठे कुठे बारीक उजेड लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. उजेड लुकलुकत होता आणि बटण दाबलं जात नव्हतं. लुकलुकत होता आणि दाबलं जात नव्हतं. मिलिंद मात्र मन लावून बसला होता, नव्या खेळाला बसतो तसा. बाहेर येऊन म्हणाला, “सोपं होतं. मधे मधे मशीन बंद पडत होतं बहुतेक.”

मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं.

रिपोर्टच्या कागदावर दोन्ही डोळ्यांचा मिळून एक गोल होता आणि गोलात डावीकडे वरून काळा डाग उतरला होता. मी पर्समधून घरून छापून आणलेलं झोपडीचं चित्र काढलं, मिलिंदच्या ठिपक्यांचं, आणि शेजारी ठेवलं. दोन्ही कागदांवर एकच आकार होता. डॉक्टरांनी चित्र उचलून नीट बघितलं. “ये टेस्ट किधर करवाया?” त्यांनी विचारलं. “घर पे,” मी म्हटलं. “कब?” “अक्टूबर में.” त्यांनी चित्र खाली ठेवलं. त्यांनी काही बोलायला हवं होतं, रागवायला हवं होतं.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत, त्यामुळे अक्षरं दिसतात, चिरा दिसतात, प्रत्येक परीक्षेत माणूस पास होतो. “जो गया, वो गया,” डॉक्टर म्हणाले. “जो है, उसको बचाना है. राइट साइड अच्छा है. ड्रॉप्स एक दिन भी मिस नहीं होना चाहिए. और गाडी नहीं.” सईचेही डोळे दर वर्षी तपासा, असं त्यांनी सांगितलं. ते आम्ही करतो, तिचे ठीक आहेत.

घरी आल्यावर मी मिलिंदला विचारलं, “तिथे तुला अंधार दिसतो का रे? काळं काही?”

“नाही ना. काळं दिसलं असतं तर कळलं नसतं का?”

“मग काय दिसतं?”

त्याने झोपडीच्या चित्राकडे बघितलं. “भिंत,” तो म्हणाला. “नुसती भिंत आहे तिथे.”

डोळा जिथे गेलेला असतो तिथे मेंदू आजूबाजूचं कापड घेऊन ठिगळ लावतो, असं मी नंतर वाचलं. भिंतीत भिंत, रस्त्यात रस्ता, आभाळात आभाळ. ठिगळ इतकं सफाईने बसतं की स्वतःलाही कळत नाही. मला अंधाराची भीती कधीच वाटली नाही, अंधार निदान दिसतो. पण आपल्याला दिसत नाही हेही दिसत नाही, हे मला अजून पेलत नाही. मी पोळ्या करता करता थांबते आणि मान वळवून माझ्या डाव्या बाजूला बघते. भिंतच असते. खरी आहे की नाही, हे कुणाला विचारायचं?

आणि ते तीन महिने. ड्रॉप्स ऑक्टोबरात सुरू झाले असते. तीन महिन्यांत नस किती गेली, हे डॉक्टरांना मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी म्हणालं असतं, तुला दिसत कसं नाही, डोळे दाखव. साध्या बायका असंच म्हणतात. मी मात्र तत्त्वाची. मी कंदील मोठा केला.

त्या महिन्याच्या बातमीपत्रासाठी मी साठ्यांना दोन ओळी पाठवल्या. त्यांनी तशाच छापल्या: ‘फलजच्या खेळातला कंदील पूर्ववत लहान करण्यात आला आहे. दोष खेळात नव्हता.’ मग त्यांचा फोन आला. साठे एरवी बडबडे. त्या दिवशी एकच विचारलं.

“वहिनी, वरचं ते वाक्य काढून टाकू का?”

“नको,” मी म्हटलं. “बाकीच्यांच्या बाबतीत खरंच आहे ते.”

मिलिंदची नोकरी राहिली. वेल्डिंगची चीर त्याला अजून माझ्या आधी दिसते. कंपनीच्या मिनीबसने जातो, खिडकीशी बसतो, पोचलो म्हणून कळवतो. सकाळ-संध्याकाळ ड्रॉप्स, दोघांच्याही मोबाईलवर गजर. मान वळवून बघायची सवय त्याला शिकवली आहे. रस्ता ओलांडताना, चौकटीतून जाताना तो आधी डावीकडे पूर्ण वळतो. लोकांना वाटतं, कुणाला तरी शोधतो आहे. चहा मी उजवीकडे ठेवते.

आणि मोसमातलं पहिलं धुकं पडलं की आम्ही तो खेळ काढतो. हे कुणी ठरवलं नाही. पहिल्या वर्षी मीच म्हटलं, बस जरा. डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जातो, रिपोर्ट फाइलला लागतात, पण माझा विश्वास माझ्या झोपडीवर. पहिल्या वर्षी त्याला वेळ लागला, मान वळवत वळवत सापडला. गेल्या वर्षी बसल्या बसल्या सापडला आणि मी आनंदाने शिरा केला. शिरा खाता खाता सई म्हणाली, “आई, ही हॅज मेमराइज्ड इट. दॅट्स नॉट अ टेस्ट.” घास माझ्या हातातच राहिला. खरंच की. कंदील दोन्ही वर्षं त्याच खिळ्यावर होता.

म्हणून या वर्षी मी तो हलवला. दोन आठवड्यांपूर्वीच, कुणाला न सांगता, हिवाळा लागायच्या बेतात असताना. नवा खिळा ठोकला, जुना पुसून टाकला. कुठे ठोकायचा यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या, आणि शेवटी ठोकला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

आज दहा वाजले तरी बाहेर पांढरं होतं. मिलिंद आंघोळ करून आला, खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, “पहिलं धुकं. म्हणजे आमची परीक्षा.”

“नको असेल तर राहू दे.”

“तुला झोप लागणार आहे का त्याशिवाय?”

तो बसला. मी नेहमीसारखी मागे. खेळ सुरू झाला, झोपडी उघडली, खाट, माठ, दार. बाण सरळ डावीकडे वर गेला, जिथे जुना खिळा होता तिथे अचूक थांबला, आणि त्याने क्लिक केलं.

“घे, सापडला,” तो म्हणाला आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे बघून हसला. “जा आता, शिरा टाक.”

मी उठले नाही. त्याने पुन्हा पडद्याकडे बघितलं. खाली, मधोमध, त्याला स्वच्छ दिसणाऱ्या जागी, खेळाचं उत्तर उमटलं होतं. काही न सापडता क्लिक केलं की येणारं, मीच कधीतरी लिहिलेलं: ‘इथे नुसती भिंत आहे.’

“हलवलास होय?” तो हळूच म्हणाला.

“हो.”

“बरं केलंस.”

मग तो खरा खेळायला लागला. खाटेखाली बघितलं. माठात बघितलं. दाराच्या कडीवर, उंबऱ्यावर, खाटेच्या चारही पायांवर. माऊसचा आवाज तेवढा येत होता. सई दाराशी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने माऊसचा आवाज थांबला.

“वृंदा,” तो म्हणाला, “एक हिंट दे.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला आमची रीत आठवली. पहिल्या पायरीला नाव घ्यायचं नाही, दिशा सांगायची नाही.

“मान वळवून बघ,” मी म्हटलं.

त्याने शिकवल्याप्रमाणे मान वळवली, डावीकडे, पूर्ण, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, आणि वरपासून खालपर्यंत ती रिकामी भिंत तो सावकाश बघत राहिला. कंदील या वर्षी मी उजव्या भिंतीवर टांगला होता, जिथे आज बाण एकदाही गेला नव्हता. ती बाजू चांगली आहे म्हणून. म्हणजे त्याला बसल्या बसल्या सापडेल, आणि मला उठून शिऱ्याचा रवा भाजायला घेता येईल.